संजीवन सभेनंतरचा सोमवार

मराठी ख्रिस्ती समाजात वाढलेल्या कोणालाही संजीवन सभा नव्याने समजावून सांगाव्या लागत नाहीत. तीन किंवा पाच रात्रींचा कार्यक्रम, चर्चच्या आवारात घातलेला मांडव, बाहेरगावाहून आलेले वक्ते, पेटी-तबला आणि अलीकडे त्यांच्या जोडीला कीबोर्ड, आणि शेवटच्या रात्री पुढे येण्याचे आवाहन. लोक पुढे येतात, गुडघे टेकतात, रडतात, क्षमा मागतात. त्या अश्रूंत काही खोटे असते असे आम्हांस मुळीच वाटत नाही. प्रश्न पडतो तो सोमवारी. मांडव उतरलेला असतो, भाड्याच्या खुर्च्या परत गेलेल्या असतात, आणि माणसे मात्र गेल्या सोमवारी जेथे होती तेथेच पुन्हा सापडतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सभेच्या शेवटच्या रात्री आम्ही दोघेही पुढे गेलो होतो. आम्ही पती-पत्नी, दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्या सुमारास आमच्यापैकी एकाचे विभागातील एका सहकाऱ्याशी वेळापत्रकाच्या क्षुल्लक कारणावरून बोलणे बंद झाले होते आणि त्यास वर्ष होत आले होते. मांडवात त्या रात्री 'सर्वांना क्षमा केली' असे शब्द मनापासून तोंडी आले. सोमवारी स्टाफरूममध्ये तो सहकारी समोरच्या खुर्चीवर येऊन बसला, आणि सवयीने नजर वर्तमानपत्रात गेली. त्याच मंडळीतील दोन सख्खे भाऊ त्या रात्री एकमेकांच्या शेजारी गुडघे टेकून होते. वडिलोपार्जित जागेचा त्यांचा दावा पुढच्या तारखेस नेहमीप्रमाणे पुकारला गेला. हे लिहिताना कोणाची थट्टा करण्याचा हेतू नाही. करायचीच झाली तर ती आधी आमची स्वतःची करावी लागेल.

या अनुभवावरून 'संजीवन सभा बंद करा' असा निष्कर्ष आम्ही काढत नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. आध्यात्मिक नवीकरणासाठी करावयाची प्रार्थना आपण प्रसंगाच्या स्वाधीन करून टाकली आहे. 'हे प्रभो, आम्हांला नवे कर' हे मागणे सभेसाठी, तपसाधनेसाठी, फार तर उपवासकाळाच्या चाळीस दिवसांसाठी राखून ठेवायचे, आणि रोजच्या प्रार्थनेत परीक्षा, नोकरी, दुखणी आणि प्रवास एवढ्यांचीच वर्णी लावायची, अशी एक सोयीची वाटणी झाली आहे. परीक्षा आणि दुखणी यांसाठी प्रार्थना करू नये असे कोण म्हणेल? परंतु स्वतःच्या अंतःकरणाची दुरुस्ती ही वर्षातून एकदा काढायची बाब ठरली, तर उरलेले दिवस आपण कोणत्या अंतःकरणाने जगतो हा प्रश्न उरतोच.

पवित्र शास्त्राची साक्ष या वाटणीच्या बाजूने नाही. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातील मान्न्याची कथा आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहोत. अरण्यात इस्राएल लोकांस मिळणारे ते अन्न रोज सकाळी, त्या दिवसाच्या गरजेपुरते गोळा करावयाचे होते. अधिक शहाणपणा करून ज्यांनी ते दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवले त्यांच्या साठ्यात किडे पडले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी तेवढी दुप्पट गोळा करण्याची मुभा होती. या कथेतून देवाच्या पुरवठ्याविषयी पुष्कळ उपदेश ऐकायला मिळतात, परंतु साठवणुकीविषयीचा हा इशारा सहसा दुर्लक्षित राहतो. गेल्या वर्षीच्या सभेत आलेला अनुभव 'साक्ष' म्हणून पुन्हा पुन्हा सांगणारे आपण सर्वजण एक प्रकारे शिळा मान्नाच वाढत असतो.

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात बाह्य देह झिजत असता अंतरीचा मनुष्य नवा होत जाण्याविषयी लिहिले आहे, आणि ते नवे होणे त्याने दिवसांच्या हिशेबात मोजले आहे. यरुशलेमच्या विनाशावर रचलेल्या विलापगीताच्या मध्यभागी, सर्व काही जळून गेल्यावर, देवाची करुणा रोज सकाळी नवी होते असा विश्वास प्रकट झाला आहे. आणि प्रत्यक्ष प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरीची मागणी आजच्या दिवसापुरती आहे. तेथील मूळ ग्रीक विशेषण, 'एपिऊसिऑस', इतके दुर्मीळ आहे की त्याचा अर्थ 'रोजची', 'आवश्यक तेवढी' की 'येणाऱ्या दिवसाची' यावर अभ्यासकांत प्राचीन काळापासून चर्चा आहे. कोणताही अर्थ घेतला तरी वर्षाची बेगमी त्यात बसत नाही. भाकरीच्या पाठोपाठ, त्याच दमात, क्षमेची मागणी येते, हेही ध्यानात घ्यावे. पोट आणि मन या दोहोंची तजवीज एकाच दिवसाच्या मापाने केलेली आहे.

महाराष्ट्राच्या मातीत संजीवनाचा जो सर्वांत गाजलेला प्रसंग घडला, तोही बारकाईने पाहिला तर हेच सांगतो. केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ साली झालेल्या आध्यात्मिक जागृतीचा उल्लेख झाला की वक्ते थेट त्या वर्षीच्या जून महिन्याच्या अखेरीस येतात. त्या रात्री मुलींना कसा पवित्र आत्म्याचा स्पर्श झाला, अग्नीची भाषा कशी बोलली गेली, पश्चात्तापाचा आक्रोश कसा झाला, हे रंगवून सांगितले जाते. परंतु गोष्ट जूनमध्ये सुरू होत नाही. वेल्स आणि ऑस्ट्रेलिया येथील जागृतीची वृत्ते वाचून पंडिता रमाबाईंनी त्या वर्षीच्या जानेवारीत सदनातील स्त्रियांना रोज एकत्र येऊन प्रार्थना करण्याचे आवाहन केले. आरंभी सत्तरच्या आसपास जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली, आणि त्या दिवसातून दोन वेळा जमत असत.

या सहा महिन्यांत मुक्ती सदनात दुसरे काय चालले होते? जे नेहमी चालत असे तेच. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दुष्काळांतून वाचवून आणलेल्या मुलींसह त्या वसाहतीत दीड-दोन हजार जीव नांदत होते. एवढ्यांचे दळण, स्वयंपाक, विणकाम, शेती, शिक्षण, छापखाना, आजाऱ्यांची शुश्रूषा! ज्या हातांनी सकाळी पीठ मळले त्याच हातांची संध्याकाळी जोडणी होत होती. त्या काळी सदनातून निघणाऱ्या इंग्रजी वार्तापत्राचे नावही 'मुक्ती प्रेअर बेल' असे होते. घंटा ही रोज वाजण्यासाठीच असते. जानेवारी ते जून या अवधीत एखादी मुलगी कंटाळली असेल, एखादीला झोप अनावर झाली असेल, एखादीने शेजारणीवरचा राग मनात धरूनच डोळे मिटले असतील. तरीही दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा जमल्या. आम्हांस जूनच्या त्या रात्रीइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्व या न सांगितल्या जाणाऱ्या दिवसांचे वाटते. जूनची रात्र मागून मिळेलच असे नाही. ती देणे देवाच्या हाती. जानेवारीची सकाळ मात्र आपल्याही हाती असते.

रमाबाईंचे स्वतःचे आध्यात्मिक चरित्रही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी एक असामान्य कबुली दिली आहे: बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. शारदा सदन काढणारी, विधवांसाठी जगभर झोळी फिरवणारी ही विदुषी स्वतःविषयी असे म्हणते! आपल्यापैकी कोणी आपल्या मंडळीत उभे राहून अशी कबुली देईल काय? नवीकरणाची प्रार्थना रोज करणारालाच ही कबुली सुचू शकते, कारण आपण पूर्ण झालो असे त्याला कोणत्याच सकाळी वाटत नाही.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. 'स्मृतिचित्रे' आम्ही वर्गात अनेकदा शिकवले, आणि प्रत्येक वेळी विद्यार्थी नारायण वामन टिळकांच्या विक्षिप्तपणावर खळखळून हसले. लक्ष्मीबाईंच्या मनातील बदल मात्र इतका हळू आणि इतका घरगुती आहे की तो पहिल्या वाचनात निसटतो. टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली वर्षे वियोगाची, संतापाची, सोवळे सांभाळण्याची. पुन्हा एकत्र संसार सुरू झाल्यावरही त्यांचे पाणी वेगळे, चूल वेगळी. मग विचार करता करता त्या या निर्णयाप्रत आल्या की जात देवाने केलेली नसून माणसांनी केलेली आहे, आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याला त्यांची हरकत उरली नाही. धर्मांतराच्या विधीआधीच हे घडले आहे. मांडव नाही, आवाहन नाही, साक्षीला कोणी वक्ता नाही. एका बाईचे मन पाण्याच्या घड्यापाशी बदलले. नवीकरण खरे की दिखाऊ याची परीक्षा कोठे घ्यावी असे कोणी विचारले, तर आम्ही त्याला हा घडा दाखवू.

हा घडा आजही आपल्यासमोर आहे. ख्रिस्ती विवाह जुळवताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न हलक्या आवाजात विचारला जातो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले गेले, याविरुद्ध आपण निवेदने देतो आणि ती दिलीच पाहिजेत. परंतु बाहेरच्या अन्यायाविरुद्ध निवेदन देणारा हात सोयरिकीच्या वेळी जात चाचपत असेल, तर त्या हाताने रोज सकाळी काय मागावे हे वेगळे सांगण्याची गरज नाही. प्रार्थना ही सामाजिक प्रश्नांपासून पळवाट आहे असा आक्षेप आमचे काही पुरोगामी मित्र घेतात. पळवाट होऊ शकते, हे आम्ही मान्य करतो. पण ज्या प्रार्थनेत मनुष्य स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो, तिच्यातून पळायला वाट नसते. नाथानाने बोट दाखवल्यावर दाविदाच्या तोंडून निघालेले एक्कावन्नावे स्तोत्र याच जातीचे आहे.

आता थोडे आमच्या दोन घरांविषयी. आमच्यापैकी एक वसईच्या कॅथलिक कुटुंबात वाढलेली, दुसरा नगर जिल्ह्यातील प्रॉटेस्टंट मंडळीत. एकीकडे आंजेलुसच्या घंटेने दिवसाचे तीन भाग पडत आणि संध्याकाळी सर्व भावंडे जपमाळेला बसत. दुसरीकडे रात्रीच्या जेवणाआधी कौटुंबिक उपासना होई: एक गीत, एक अध्याय, आणि वडीलधाऱ्यांची उत्स्फूर्त प्रार्थना. लग्नानंतर दोघांनीही एकमेकांच्या पद्धतीतील दोष उत्साहाने दाखवून दिले. जपमाळेत ओठ चालतात आणि मन भात शिजला की नाही हे पाहून येते, ही एक तक्रार. त्यावरचे उत्तर असे की, तुमची उत्स्फूर्त प्रार्थना गेली तीस वर्षे त्याच शब्दांत उत्स्फूर्त होत आहे! दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. पाठ केलेला शब्द झिजतो तसा उत्स्फूर्त शब्दही झिजतो.

मग नेमाचा उपयोग काय? नेमाने प्रार्थना यांत्रिक होते हा आक्षेप जुना आहे, आणि त्याला संगीताच्या क्षेत्रातील माणसाने उत्तर द्यावे. रियाजाला बसणारा गवई रोज रंगत नाही. पण ज्या दिवशी स्वर लागतो त्या दिवशी तो रोजच्या बैठकीमुळेच लागतो. शिवाय नेमाची आणखी एक बाजू आहे. मनुष्य जेव्हा पूर्णपणे कोरडा पडलेला असतो, स्वतःचे शब्द आटलेले असतात, तेव्हा पाठ असलेली प्रार्थना त्याला हात देते. गेल्या काही वर्षांत घरातील दोन मृत्यूंनंतर आम्ही हे अनुभवले. उत्स्फूर्त प्रार्थनेत वाढलेल्याच्या तोंडून त्या दिवसांत शब्द फुटत नव्हता. तेव्हा घरात जपमाळ चालू होती आणि तोही तिच्यात सामील झाला.

परंतु आम्हांस अधिक शिकवले ते नगरकडच्या आजीने. आजी फारशी शिकलेली नव्हती. चुलीपाशी बसून भाकरी थापताना तिचे ओठ हलत. ती गाणे म्हणत असावी असे लहानपणी वाटे. पुढे कळले की प्रत्येक भाकरीला ती एक नाव लावत असे. पहिली भाकरी शेतावर गेलेल्या मुलाची, दुसरी सासरी असलेल्या मुलीची, असे करत करत एक भाकरी बांधाच्या भांडणात ज्याच्याशी वैर होते त्या शेजाऱ्याची. ही भाकरी थापताना ती काय म्हणत असे, असे तिला विचारले होते. तिचे उत्तर असे, की त्याचे काही म्हणत नाही, देवाला म्हणते माझे मन सरळ कर. त्या शेजाऱ्याशी पुन्हा बोलणे नेमके कोणत्या दिवशी सुरू झाले हे घरात कोणालाच आठवत नाही. सभा झाली नाही, मध्यस्थ बसले नाहीत. एके वर्षी दिवाळीचा फराळ त्यांच्याकडून आला आणि नाताळचा आपल्याकडून गेला, एवढीच नोंद.

मराठीच्या अभ्यासकाला येथे जात्यावर बसलेली जनाबाई आणि मळ्यात रमलेला सावता माळी आठवल्यावाचून राहणार नाही. कामाच्या जागीच देवाला बोलावून घेण्याची ही रीत आपल्या भाषेच्या हाडीमासी भिनलेली आहे. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, ही गोष्ट रेव्हरंड टिळकांनी कधी लपवली नाही. आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडताना त्यांना अशीच, या मातीत रुजलेली ख्रिस्तभक्ती हवी होती. सतराव्या शतकातील फ्रेंच मठवासी ब्रदर लॉरेन्स यांचे नाव इंग्रजी वाचणाऱ्या ख्रिस्ती वाचकांत प्रेमाने घेतले जाते, कारण स्वयंपाकघरातील भांड्यांच्या आवाजात ते देवाचे सान्निध्य अनुभवत. त्यांच्याविषयी आम्हांसही आदर आहे. परंतु आपल्या आज्यांनी तेच केले आणि त्यांचे पुस्तक कोणी लिहिले नाही, याची थोडी खंतही वाटते.

भाषेचा मुद्दा निघाला आहे तर एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपल्या प्रार्थनेची मराठी आपल्या जगण्याच्या मराठीपासून फार दूर गेली आहे. घरात 'माझं चुकलं' म्हणणारा माणूस प्रार्थनेत 'आम्ही अपराधी व अपात्र आहोत' असे म्हणतो. अनेकवचनाच्या त्या आडोशाला स्वतःचे नेमके पाप सुखरूप लपून बसते. रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत बायबलचे जे भाषांतर केले, त्यामागे अल्पशिक्षित स्त्रीलाही समजेल अशा सोप्या मराठीचा आग्रह होता. १९२२ साली काम पुरे करून त्यांनी डोळे मिटले, आणि १९२४ साली ते मुक्तीच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले. कॅथलिक पंथात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) उपासनेत लोकभाषेला स्थान दिले, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध करून त्या दिशेने मोठे काम केले. देवाचा शब्द आपल्या भाषेत यावा म्हणून या माणसांनी हाडांची काडे केली. आपला शब्द देवाकडे जाताना मात्र आपण परीटघडीचे कपडे घालून जातो. क्षमेची प्रार्थना करताना भांडणाचा विषय, माणसाचे नाव, आपण नेमके काय बोललो, हे साध्या शब्दांत उच्चारणे किती कठीण असते हे ज्याने त्याने करून पाहावे.

यावर एक गंभीर आक्षेप शिल्लक राहतो. नवीकरण हे पवित्र आत्म्याचे दान आहे. ते नित्यक्रमात बसवणे म्हणजे देवाला वेळापत्रकात बांधणे नव्हे काय? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. वारा हवा तिकडे वाहतो ही शिकवण आम्हांसही मान्य आहे. परंतु वारा कधी येईल हे माहीत नसलेला शेतकरी उपणणीच्या दिवसांत रोज खळ्यावर हजर असतो. आपण वेळापत्रक देवाचे करत नाही, आपले करतो.

म्हणून सुचवायचे ते फार थोडे आहे. रोजचे एखादे काम निवडावे, जे टळत नाही: कणीक मळणे, लोकलची वाट पाहणे, वर्गाकडे जाताना जिना चढणे. त्या कामाला एक नाव जोडावे. शक्यतो ज्याच्याविषयी मन साफ नाही असे. आणि त्या माणसाला बदल असे न मागता, मला आज कोठे बदलायचे आहे ते दाखव, एवढेच मागावे. रात्री दिवे मालवण्यापूर्वी तो दिवस एकदा समोर धरावा. मंडळ्यांनीही संजीवन सभेच्या खर्चाचा हिशेब मांडताना सभेनंतरच्या चाळीस दिवसांचा काही विचार करावा. वक्ते परत गेल्यावर घराघरांतून, दोन-चार कुटुंबे मिळून, कोणताही गाजावाजा न करता रोज पंधरा मिनिटे बसता येणार नाही काय? केडगावात सत्तर जणींनी आरंभ केला होता. आपल्याकडे सात जरी निघाले तरी पुरेत.

राहता राहिला तो सहकारी. त्या सोमवारनंतर आमच्या घरी त्याचे नाव सकाळच्या चहाला जोडले गेले. पहिले काही आठवडे ते नाव घेताना त्याने केलेला अन्यायच अधिक आठवे, आणि चहा कडू लागे. पुढे केव्हातरी आपण त्यास काय बोललो होतो तेही आठवू लागले. दोन महिन्यांनी, परीक्षेच्या पर्यवेक्षणाच्या दिवशी, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा देताना 'त्या वेळी माझं चुकलं' एवढे शब्द कसेबसे निघाले. तो काही क्षण गप्प राहिला, मग म्हणाला, "सर, तास संपला की चहा घेऊ." मैत्री झाली असे म्हणता येणार नाही. बोलणे सुरू झाले. सकाळी त्याचे नाव आम्ही अजूनही घेतो, कारण मन पुन्हा वाकडे व्हायला एक सोमवार पुरतो.